वनक्षेत्र, वनाच्छादन आणि जंगलतोड: कुठे काय वापरावं?

प्रश्न (इंदूर): मी शाळेत भूगोल शिकवते. चोरलच्या डोंगरांची दोन उपग्रहचित्रं वर्गात शेजारी शेजारी लावली, एक डिसेंबरचं, एक मेचं. या चित्रांत पालवी अवरक्त प्रकाशामुळे लालभडक दिसते. मेच्या चित्रात तो लाल उडालेला पाहून एक मुलगी कळवळली, "बाई, सगळं जंगल तोडलं!" तोडलं नव्हतं, सागाची पानं गळली होती. तेव्हापासून मी शब्दांना अडले आहे. फॉरेस्ट कव्हरला 'वनक्षेत्र' म्हणू का?

उत्तर (बडोदा): नको ताई. वनक्षेत्र म्हणजे सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीन. तिच्यावर एक झाड उरलं नाही, तरी ती वनक्षेत्रच. उपग्रहाला खसरा-खतावणी वाचता येत नाही, त्याला दिसतात पानं. म्हणून 'वनाच्छादन'. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत किमान 1 हेक्टर जागा आणि 10 टक्के झाडांचं छत्र एवढं पुरतं, मालकी कुणाचीही असो. आमराईसुद्धा त्यात धरतात! म्हणजे जुनं रान तुटलं आणि तेवढ्याच बागा उभ्या राहिल्या, तर आकडा जागचा हलत नाही. मला याचंच फार वाईट वाटतं. म्हणून 'जंगलतोड' हा शब्द मोडीत काढू नका, फक्त कुऱ्हाड पडल्याची खात्री झाल्यावरच वापरा.

आणखी एक जोडी सांभाळा: भूमी उपयोजन आणि भूआच्छादन. गहू कापला की एप्रिलमध्ये शेतात उघडी माती दिसते. आच्छादन बदललं, उपयोजन मात्र शेतीचंच.

उत्तर (ग्वाल्हेर): 'जंगल' हा शब्द संस्कृतातल्या 'जाङ्गल'वरून आला, आणि 'जाङ्गल' म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा मुलूख. आयुर्वेदात जांगल आणि अनूप (म्हणजे पाणथळ) असे देश सांगितलेत. घनदाट झाडीला 'अरण्य' होतंच. सर्वेक्षणात 10 ते 40 टक्के छत्राच्या झाडीला 'विरळ वन' म्हणतात. आमच्याकडची खैर-करधईची झाडी पाहिली की जुना अर्थच खरा वाटतो. आणि 'रान' जपून हं, माझी आजी शेतावर जातानाही "रानात जाते" म्हणायची.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. तक्त्यावरचं 'जंगलतोड' खोडून 'वनाच्छादनातला बदल' लिहिलं. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची 1972 पासूनची चित्रं फुकट मिळतात. आता वेगवेगळ्या वर्षांची, पण दोन्ही डिसेंबरचीच लावणार आहे.