चकलीची भाजणी: वाटीचं माप ग्रॅममध्ये हवंय

ठाण्यात गिरणीवर ५ किलो भाजणी दळायची आहे, म्हणून वाट्यांचं प्रमाण वजनात आणतेय: ४ तांदूळ, २ हरभरा डाळ, १ उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, अर्धी जाडे पोहे. वाटीत काठोकाठ पाणी भरून तोललं, १५० ग्रॅम. म्हणजे वाटी १५० मिलीची. सपाट वाटी तांदूळ १२५ ग्रॅम, हरभरा डाळ जवळपास तेवढीच, पोहे मात्र ६०च. (सगळं भाजण्याआधी तोललंय.) इथवर ठीक.

अडतंय पिठाशी. चाळून अलगद भरलं तर वाटीत ७५ ग्रॅम, आपटून भरलं तर ९५! मोहन (पिठात घालायचं गरम तेल) मात्र कृतीत ‘वाटीला १ टेबलस्पून तेल’ एवढंच लिहिलंय. कमी पडलं तर चकली कडक, जास्त झालं तर तेलात विरघळते. वाटी ७५ची धरू की ९५ची? १०० ग्रॅम भाजणीला तुम्ही मोहन किती ग्रॅम घालता?