मदत हवी आहे: डुकराचं मांस कधीच खाल्लं नाही, तरी मेंदूत फीतकृमीची गाठ कशी?

माझ्या बहिणीच्या मुलाला (वय 14) अचानक आकडी आली. एमआरआयमध्ये मेंदूत एकच छोटी गाठ निघाली. कडा उजळ, भोवती सूज आणि आत एका बाजूला बारीक ठिपका. तो ठिपका म्हणजे कृमीचं डोकं, म्हणून ही क्षयाची गाठ नाही, न्यूरोसिस्टिसर्कोसिसच (मेंदूत फीतकृमीच्या अळीची गाठ) आहे, असं डॉक्टरांनी फिल्मवर बोट ठेवून दाखवलं. आधी स्टेरॉइड सुरू केलं, मग अल्बेंडाझोल हे कृमीचं औषध. आकडीसाठी लेव्हेटिरासिटाम चालू आहे. मुलाला आता बरं वाटतंय, घरात मात्र रोज वाद.

आमच्याकडे डुकराचं मांस कोणीच खात नाही. नातेवाइकांनी इंटरनेटवर काहीतरी वाचलं आणि पोराच्या मागे लागले, "बाहेर काय खाल्लंस ते खरं सांग." तो रडकुंडीला आलाय. बहिणीने घाबरून त्याचं ताट वेगळं केलंय, धाकटीला त्याच्याजवळ झोपू देत नाही. मला हे बघवत नाही.

मांस न खाता हे कसं होतं? त्याच्यापासून इतरांना लागण होते का? कृमीच्या औषधाआधी स्टेरॉइड कशाला? आणि आकडीची गोळी किती दिवस? उपचार बदलायचे नाहीत, घरच्यांना समजावता येईल असं उत्तर हवंय.

प्रतिसाद

आधी पोराची चौकशी थांबवा. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातली अळी पोटात गेली तर आतड्यात फीतकृमी वाढतो, मेंदूत गाठ होत नाही. गाठ होते ती अंडी पोटात गेल्यावर. आतड्यात हा कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेले हात, पाणी, कच्च्या भाज्या यांवाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथे अळ्या बाहेर येतात आणि रक्तातून स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत जाऊन बसतात.

न्यूयॉर्कमधल्या ऑर्थोडॉक्स ज्यू वस्तीतल्या चौघांना हाच आजार झाल्याचं 1992 मध्ये प्रसिद्ध झालं. डुकराचं मांस त्यांना धर्मानेच निषिद्ध. हा कृमी आढळणाऱ्या देशांतून आलेल्या घरकामगारांकडून लागण झाली असावी, असं तपासात दिसलं. हे दोष द्यायला सांगत नाही. ज्याच्या पोटात कृमी असतो त्याला बहुतेकदा पत्ताही नसतो.

मेंदूतली अळी गाठीत बंद असते, तिच्यापासून कोणालाही लागण होत नाही. ताट वेगळं करून काही साधत नाही. मात्र घरातल्या सगळ्यांची, मुलाचीसुद्धा, शौचतपासणी करून घ्या, कारण आतड्यात कृमी असलेल्याला स्वतःचीच अंडी लागू शकतात. एकदा तपासणी स्वच्छ आली तरी कृमी नजरेतून सुटलेला असू शकतो, म्हणून ती पुन्हा करावी लागते. सापडला तर औषध सोपं असतं. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुणं हेच खरं संरक्षण.

स्टेरॉइडचं कारण असं: जिवंत अळी शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवून वर्षानुवर्षे गप्प राहू शकते. ती मरायला लागली की भोवती सूज येते आणि आकडी बहुधा तेव्हाच येते. अल्बेंडाझोलने ती लवकर मरते, म्हणजे सूज वाढायची भीती. म्हणून आधी सूज आवरणारं स्टेरॉइड. औषधाआधी डोळे तपासले होते का, तेही विचारा. डोळ्यात अळी असेल तर त्या सुजेने नजर जाऊ शकते.

आकडीची गोळी स्वतःहून बंद करू नका, अचानक थांबवली तर मोठी आकडी येऊ शकते. एकच गाठ होती, ती स्कॅनमध्ये पूर्ण विरघळली आणि 6 महिने आकडी आली नाही, तर डॉक्टर ती हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. गाठीच्या जागी चुन्याचा खडा राहिला तर गोळी जास्त काळ लागते. असा खडा एमआरआयपेक्षा सीटीत चांगला दिसतो.

धागाकर्ती

मनापासून आभार. बहिणीला वाचून दाखवलं, धाकटी आज भावाजवळ झोपली. डोळे तपासल्याचं कागदांत कुठे दिसत नाही, उद्या डॉक्टरांना फोन करते. एक राहिलं: अल्बेंडाझोल चालू असताना मुलाचा शौचनमुना दिला तर चालेल, की कोर्स संपेपर्यंत थांबायचं?