व्हेपवर गेल्यावर सिगारेटचा वास झोंबतो, मान्य. पण त्यावरून घरात व्हेप ओढायची सूट कशी मिळते?

तापीकाठ
परवाच्या एका पोस्टला उत्तर द्यायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा. ज्यांनी पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी: लिहिणाऱ्याने सिगारेट सोडून व्हेप, म्हणजे बॅटरीवर द्रव तापवून ओढायची ई-सिगारेट, धरला. काही आठवड्यांत नाक उघडलं. आता टपरीवर कोणी पेटवली तर रस्त्याच्या पलीकडून वास येतो, मळमळतं. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. पुढे तो म्हणतो, व्हेपला वास नाही, म्हणून बेडरूममध्ये, लेकरांसमोर ओढला तरी चालतो, आणि नाक सुधारलं हाच व्हेप निर्धोक असल्याचा पुरावा. इथे डोकं फिरलं.

नाकात वर, अगदी छताला, वास ओळखणाऱ्या पेशी असतात. त्या सतत मरतात आणि काही आठवड्यांत नव्या येतात. रोजचा धूर त्यांना धड राहू देत नाही. धूर थांबला की त्या सावरतात. दुसरी गोष्ट सवयीची. एकाच वासात बसून राहिलं की काही मिनिटांत मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. ओढणाऱ्याच्या मिशीत, शर्टात, बोटांत तो वास चोवीस तास असतो, म्हणून त्यालाच येत नाही. म्हणजे नाक उघडलं ते धूर बंद झाल्यामुळे. निकोटिनचा गम चघळून सोडा, नाहीतर काहीच न घेता सोडा, नाक तसंच उघडणार. आणि त्याच सवयीमुळे तुमच्या व्हेपचा आंबा-पुदिना तुम्हाला येत नाही. बायकोला विचारा, तिला येतो.

राहिला मुद्दा 'वास नाही म्हणजे अपाय नाही'. हे खानदेशात कोणी म्हणावं? मिशरीला धूर नाही, तंबाखू-चुन्याचा वास रस्ता ओलांडत नाही, तरी तोंडाचे कॅन्सर गावोगाव आहेत. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर बिनवासाचाच असतो.

जळगाव रिंगरोड
भाऊ, व्हेपचं श्रेय कुठे, तर ज्याची गमने सुटत नव्हती त्याची सुटली, तिथे. ब्रिटनमध्ये सोडू पाहणाऱ्यांचे दोन गट केले होते, 2019 मध्ये निकाल छापून आला. वर्षानंतर व्हेपच्या गटातले 18 टक्के सिगारेटपासून लांब होते, निकोटिनचा गम किंवा पॅच (अंगाला चिकटवायची निकोटिनची पट्टी) असलं काही घेणाऱ्या गटातले 9.9 टक्के. जवळजवळ दुप्पट.

धुराचं गणितही नीट मांडा. झुरका ओढताना सिगारेटचं टोक 900 अंशांच्या आसपास तापतं. दोन झुरक्यांच्या मधे ती आपोआप धुमसत राहते, आणि खोलीत साचणाऱ्या धुराचा मोठा वाटा त्या धुमसण्याचाच असतो. व्हेपमध्ये धुमसणारं काही नाही. ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल तापून त्याचे बारीक थेंब हवेत येतात, ओढणं थांबलं की तेही थांबतं. तुमच्यासारखे लोक दोन्हींना एका मापाने मोजतात, मग पोरगं म्हणतं, दोन्ही सारखंच असेल तर सिगारेटच बरी. त्याचं पाप कोणाच्या माथी?

चोपडा मेडिकल
रिंगरोडने अर्धाच आकडा दिला. ज्यांची सिगारेट वर्षभर सुटली त्यांच्यापैकी व्हेप गटातले 80 टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. गम-पॅच गटात ती वस्तू चालू ठेवणारे 9 टक्के. शिवाय तिथे दोन्ही गटांना समुपदेशन होतं आणि निकोटिनचं प्रमाण छापलेली बाटली होती. युरोपात मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आपल्याकडे 2019 च्या कायद्याने व्हेप बनवणं, आयात करणं, विकणं, साठा करणं, जाहिरात करणं सगळं बंद. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला शिक्षा त्या कायद्यात लिहिलेली नाही, हे खरं. पण त्याचा अर्थ असा की इथे हातात पडणारा प्रत्येक व्हेप चोरट्या मार्गाने आलेला. वापरून फेकायच्या कितीतरी व्हेपमध्ये मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम असतं. वेष्टनावर काय छापलंय ते तपासणारं कोणी नाही.

आणि 'गमने सुटत नाही' म्हणणारे गम सुपारीसारखा चावतात. मग रस गिळला जातो, उचकी लागते, छातीत जळजळतं, आणि गम बदनाम. हळू चावायचा, तिखट चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा. चव गेली की पुन्हा चावायचा, जागा बदलायची. एक गम साधारण अर्धा तास. आधी 15 मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी नको, तोंड आंबट झालं की निकोटिन शोषलं जात नाही. आपल्याकडे बहुतेकांचं इथेच चुकतं, एका हातात चहा, तोंडात गम. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली सिगारेट लागते त्याला 2 मिलिग्रॅम पुरत नाही, 4 लागतो. डॉक्टरांना विचारून पॅच आणि गम एकत्र घेतले तर एकट्यापेक्षा जास्त उपयोग होतो. 1800-11-2356 हा सरकारी फोन फुकट आहे.

भुसावळचं माहेर
तुमचे टक्के चालू द्या. मला 'आम्ही बाहेर जाऊन ओढतो' म्हणणाऱ्यांशी बोलायचंय, मग ती सिगारेट असो की व्हेप. मे महिन्यात भुसावळात पारा 45 ला टेकतो, घरोघरी कूलर लागलेले. कूलर असतो गॅलरीत, तोंड खोलीत. घरातला माणूस शहाणपणा म्हणून गॅलरीत जातो आणि नेमका कूलरशेजारी उभा राहून ओढतो. सगळा धूर आत, झोपलेल्या बाळंतिणीच्या अंगावर. वर म्हणायचं, घरात कुठे ओढली?

धुळे कूलरवाला
ताईंचं शंभर टक्के बरोबर. कूलर बाहेरची हवा तीन बाजूंच्या ओल्या पॅडमधून ओढतो आणि खोलीत ढकलतो. मागे हातभर अंतरावर सिगारेट धरली तर धूर पॅडकडे वळताना डोळ्यांनी दिसतो. पाण्याने धूर धुतला जातो हा गैरसमज आहे. धुराचे कण इतके बारीक असतात की बरेचसे पॅडमधून तसेच आत जातात. निकोटिन, अमोनिया असलं पाण्यात विरघळणारं मात्र टाकीत उतरतं. तेच पाणी पंप दिवसभर फिरवतो, पाणी उडून जातं, राहिलेलं घट्ट होत जातं. त्यात बोअरचं पाणी जड, पॅडवर क्षाराचा पांढरा थर चढतो, आणि वास त्या थरात बसतो. सकाळी कूलर चालू केल्यावर पहिली पाच मिनिटं जो कुबट-बिडीसारखा भपकारा येतो तो हा.

लाकडी भुशाचे पॅड असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, नवे टाका. वाळ्याचे असतील तरी तेच. टाकी पूर्ण रिकामी करून तळाचा गाळ हाताने काढायचा, नुसतं वरून पाणी भरून उपयोग नाही.

जळगाव रिंगरोड
मग कूलरवाले भाऊंनीच माझा मुद्दा सिद्ध केला. कूलर चालू असताना खोलीतली हवा समोरच्या खिडकीतून बाहेर ढकलली जाते. त्या खिडकीपाशी उभं राहून व्हेप ओढला तर घरात काही राहत नाही.

धुळे कूलरवाला
माझं नाव पुढे करून भलतं सांगू नका. खिडकी पूर्ण उघडी असेल आणि तुमच्या पाठीमागे कोणी बसलेलं नसेल, तरच ते खरं. आपल्या गल्ल्यांत एकाची बाहेर फेकणारी खिडकी समोरच्याच्या कूलरपासून सहा-सात फुटांवर असते. तुमचं बाहेर गेलेलं त्याच्या पॅडमधून आत जातं. आणि लाइट गेले की, उन्हाळ्यात ते जातातच, सगळं खोलीतच.

शिरपूर गाडीबाजार
व्हेपचं काही राहत नाही म्हणणाऱ्याने व्हेपवाल्याच्या गाडीची काच आतून पुसून बघावी. ग्लिसरीनचा चिकट पापुद्रा असतो, रात्री समोरून दिवा आला की काच दुधाळ दिसते. कोरड्या फडक्याने तो फक्त पसरतो, आधी साबणाचं पाणी लागतं. धंद्याच्या बाजूने हेही सांगतो की सिगारेटवाल्याच्या गाडीपुढे तो काहीच नाही. सिगारेटवाली गाडी घेताना अत्तराच्या बाटलीला भुलू नका. काचा बंद करून उन्हात अर्धा तास ठेवायला लावा, मग दार उघडून पहिला श्वास घ्या. एसी आतलीच हवा फिरवायच्या बटणावर लावा, वास तिथून येतो, कारण धूर फिल्टर, ब्लोअर आणि आतल्या कॉइलवरून वर्षानुवर्षं फिरलेला असतो. फिल्टर बदलायचाच. सीटवर खायचा सोडा रात्रभर, सकाळी व्हॅक्यूम. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पुसा, ते सगळे विसरतात. छताचं कापड ओलं करू नका, गोंद सुटतो आणि आपल्या उन्हात ते लोंबतं. ओझोनचं मशीन लावणार असाल तर गाडीत माणूस नको, नंतर दारं उघडी ठेवायची, तो वायू फुफ्फुसाला वाईट.

तापीकाठ
धागा लेकरांसमोर ओढण्यावर काढला होता, सेकंडहँड गाडीवर नाही!

भुसावळचं माहेर
दादा, लेकरं त्याच कूलरपुढे झोपतात आणि त्याच गाडीत बसतात. तुमच्या धाग्यात तेवढं मावत नसेल तर तो धागा काय कामाचा?

अमळनेर रंगकाम
ताई बरोबर बोलल्या, आणि कूलर-गाडीसारखा वास भिंतीतही राहतो. निकोटिन भिंतीवर, पडद्यावर, गादीत बसून राहतं. 2010 मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने दाखवलं की असं बसलेलं निकोटिन घरातल्या हवेतल्या नायट्रस आम्लाशी मिळून कॅन्सर करणारी द्रव्यं तयार करतं. ते आम्ल गॅसच्या शेगडीतून, गाड्यांच्या धुरातून येतं. व्हेपमधूनही निकोटिन भिंतीवर बसतं, कमी बसतं, पण बसतं.

पिवळी भिंत आधी साबणाच्या पाण्याने, मग पांढरं व्हिनेगर एकास तीन पाण्यात घालून पुसायची, वरून खाली नाही, खालून वर, नाहीतर ओघळ उमटतात. पण हे ऑइलपेंटच्या भिंतीला. चुन्याच्या भिंतीला व्हिनेगर लावू नका, आम्ल चुना खातं. साधा डिस्टेंपर पाण्यानेच निघून येतो. आणि व्हिनेगरच्या बादलीत ब्लीचिंग किंवा ब्लीच असलेलं संडास साफ करायचं औषध ओतू नका, क्लोरीन सुटतो, बंद खोलीत जीव जाऊ शकतो. नुसता नवा डिस्टेंपर मारून भागत नाही, पाण्याच्या रंगातून पिवळे डाग महिन्याभरात वर येतात. आधी डाग अडवणारा ऑइल प्रायमर मारा.

सातपुडा पायथा
शहरातले लोक सिगारेट आणि व्हेपवर भांडताय. पाड्यांवर, केळीच्या मजुरांत, ट्रक अड्ड्यावर काय ओढतात? बिडी. तिच्याबद्दल एक अक्षर नाही. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा खूप कमी, पाव ग्रॅमच्या आतबाहेर. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा शिरत नाही, म्हणून ती विझते, विझू नये म्हणून घाईघाईने आणि जोरात ओढावी लागते. फिल्टर नाही. निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी तर नाहीच, जास्त जातं. त्या माणसाला कोणी व्हेप आणून देणार नाही आणि गमची पट्टी त्याला परवडत नाही, बिडीचं बंडल परवडतं. त्याच्यासाठी तुमच्यापैकी कोणाकडे काय आहे ते सांगा, मग आकडे फेका.

चोपडा मेडिकल
हा प्रश्न योग्य आहे. सरकारी तंबाखूमुक्ती केंद्रात सल्ला मिळतो आणि गम-पॅच मोफत देण्याची सोयही असते, पण साठा असेलच असं नाही. जाण्याआधी जिल्हा रुग्णालयात विचारून घ्या. बिडीवाल्याला गम लागू पडतो, फक्त त्याच्या तोंडात तंबाखू-चुनाही असेल तर आधी तो बंद करावा लागतो. नाहीतर दोन्हीकडून निकोटिन जातं, चक्कर येते, आणि तो गमलाच दोष देतो.

जळगाव रिंगरोड
बरं. लेकरांसमोर नको, बंद खोलीत नको, कूलरमागेही नको. एवढं मानतो. त्या पोस्टवाल्याने नाकावरून व्हेप निर्धोक ठरवला, तेही चुकलं. पण ज्याची सिगारेट पूर्ण सुटली, त्याच्या रक्तातला कार्बन मोनॉक्साइड दिवसा-दोन दिवसांत उतरतो. हे तुम्ही पहिल्या परिच्छेदात लिहायला हवं होतं, भाऊ. ज्याला सोडायची आहे तो तेवढंच वाचतो.

तापीकाठ
पूर्ण सुटली तर उतरतो, हे लिहायला हवं होतं. पण 'पूर्ण' या शब्दावर मी अडून बसणार. दिवसा व्हेप आणि संध्याकाळी कट्ट्यावर दोन सिगारेटी असं चालणारे आपल्याकडे ढीगभर आहेत. त्यांचा कार्बन मोनॉक्साइड रोज संध्याकाळी पुन्हा चढतो आणि नाकही पुरतं सुधारत नाही. तुमच्या मित्रमंडळात पूर्ण सोडलेले किती, ते तुम्हीच बघा.

जळगाव रिंगरोड
ते बघतो. पण मित्रांवर येऊ नका.

भुसावळचं माहेर
कूलरवाले दादा, आमचे हनीकोंब पॅड आहेत, महाग असतात, फेकवत नाहीत. त्यांना व्हिनेगर चालतं का? की ब्रशने घासू?

धुळे कूलरवाला
ब्रश नको, तो जाड कागद असतो, कडा झिजतात. पॅड बाहेर काढून एकास तीन व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मग साध्या पाण्याची हलकी धार हवेच्या उलट बाजूने मारा. नळीची जोराची धार मारली तर थर सुटतात. सावलीत वाळवा. पंपाची जाळी आणि वरच्या पाण्याच्या पट्टीतली भोकं सुईने मोकळी करा, कोरडी राहिलेली जागा वास जास्त धरते. लावल्यावर पहिलं टाकीभर पाणी तासभर फिरवून ओतून द्या, त्या वेळी पंखा बंद, फक्त पंप चालू. तरीही वास आला तर पॅडचा नाही, मागे कोणीतरी ओढतोय.