मुंबईत ताज्या भाजणीच्या कॉफीच्या बिया कुठून आणि कशा घ्याव्यात?

परळकर

नमस्कार. माझे माहेर माटुंग्याचे, त्यामुळे तिथून दळून आणलेली कॉफी आणि पितळी फिल्टर हे दोन्ही लग्नानंतर माझ्यासोबत परळला आले. चिकोरीचे (कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचे) प्रमाण आईच्या वेळेपासून ठरलेले आहे, वीस टक्के. मागच्या महिन्यात मुलीने फार आग्रह केला म्हणून प्रथमच एका नव्या धर्तीच्या दुकानातून एकाच मळ्यातील अरेबिका बियांची २५० ग्रॅमची पिशवी ६२० रुपयांना आणली. पिशवीवर स्वादाच्या जागी ‘संत्र्याची साल, गूळ’ असे छापलेले होते.

घरी बिया मिक्सरमध्ये दळल्या आणि नेहमीप्रमाणे फिल्टरमध्ये भरल्या. एरवी डिकॉक्शन उतरायला पाऊण तास लागतो, ते या वेळी दहा मिनिटांत उतरले. रंग फिका होता, आणि दूध घातल्यावर चव अशी आंबट लागली की दूध नासले की काय, असे वाटून मी पातेले पुन्हा तपासले. दुकानातल्या मुलाने ‘घरी कॉफी कशी करता’ असे विचारले नाही, आणि मलाही ते सांगायचे सुचले नाही.

पैसे वाया गेल्याचे वाईट वाटले, परंतु त्याहून जास्त हे वाटले की एवढे लोक ज्या कॉफीविषयी मनापासून बोलतात त्यात काहीतरी असलेच पाहिजे, आणि ते मला सापडले नाही. मुंबईत बिया कुठे घ्याव्यात, घेताना काय पाहावे आणि पितळी फिल्टर वापरणाऱ्याने या वाटेला जावे की नाही, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खारचा_रहिवासी

ताई, आपल्या वर्णनातच बरेचसे उत्तर आहे. मिक्सरचे पाते बिया दळत नाही, ते त्या तोडते. त्यामुळे काही कण जाड रव्याएवढे राहतात आणि काहींचे बेसन होते. जाड कणांमधून पाणी न थांबता खाली जाते, म्हणूनच आपले डिकॉक्शन दहा मिनिटांत उतरले. कॉफीतला आंबटपणा पाण्यात आधी उतरतो, गोडवा आणि कडवटपणा त्याच्या मागून येतात. पाणी लवकर निघून गेले की कपात फक्त आंबटपणा उरतो. हाताने फिरवायचा, दोन दगडी चाकांच्या जात्यासारखा चालणारा ग्राइंडर मिळतो, तो घ्यावा. तोपर्यंत दुकानातूनच दळून घ्यावे आणि ‘साउथ इंडियन फिल्टरसाठी’ असे स्पष्ट सांगावे.

दुकानांविषयी: आपल्याला परळहून सर्वांत सोयीचे म्हणजे महालक्ष्मीच्या शक्ती मिल लेनमधील लक्ष्मी वूलन मिलच्या आवारातले ब्लू टोकाई. ही मंडळी २०१३ साली दिल्लीत सुरू झाली आणि नंतर मुंबईत आली. वांद्र्याच्या चॅपल रोडवर जुन्या बंगल्यात २०२० साली सुरू झालेले सबको आहे, आणि माझ्या घराजवळ, खारच्या चुईम गावात, कोइनोनिया आहे. मी अनेक वर्षे चुईमलाच जातो. गल्लीच्या तोंडाशी पोहोचलो की भाजल्याचा वास सांगतो की आज यंत्र चालू आहे. तिन्ही ठिकाणी पिशवीवर मळ्याचे नाव, प्रक्रिया आणि भाजल्याची तारीख असते. या तीन गोष्टी ज्या पिशवीवर नाहीत ती पिशवी मी घेत नाही, मग दुकान कितीही देखणे असो.

एक छोटी गोष्ट. महापालिकेचे पाणी तलावांचे आणि बऱ्यापैकी मृदू आहे, तेच उकळून वापरावे. आरओच्या पाण्यातले क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात आणि त्यात कॉफी पोकळ लागते.

भट्टीवाला

मी ठाण्यात लहान यंत्रावर कॉफी भाजतो, एका वेळी जास्तीत जास्त पाच किलो. वर दळण्याविषयी जे लिहिले आहे ते योग्यच आहे, परंतु माझ्या मते ताईंच्या बाबतीत मूळ अडचण भाजणीची आहे.

हिरवी बी यंत्रात टाकल्यावर आधी तिचा वास ओल्या गवतासारखा येतो, मग भाजलेल्या पोह्यांसारखा. साधारण १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास ती लाह्या फुटल्यासारखा आवाज करत तडकते. याला आम्ही फर्स्ट क्रॅक म्हणतो. त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत सगळे ठरते. लवकर काढली तर फळांचा आंबटपणा टिकतो, थांबलो तर तो कमी होत जाऊन गूळ, सुकामेवा, कोको अशा चवी पुढे येतात, आणि दुसऱ्यांदा तडकेपर्यंत नेली तर तेल वर येऊन कडवट धूर राहतो. भाजणीचे पीठ करताना हरभऱ्याची डाळ एक मिनिट जास्त राहिली की थालीपिठाला काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

‘संत्र्याची साल’ लिहिलेली पिशवी बहुधा फिक्या भाजणीची असते आणि ती काळी, बिनदुधाची पिण्यासाठी भाजलेली असते. (हा स्वाद वरून घातलेला नसतो, तो बीचाच असतो; बरेच जण हे विचारतात म्हणून लिहितो.) फिकी बी कठीण असते, तिच्यातून स्वाद काढायला बारीक दळण आणि उकळीला आलेले पाणी लागते. आपण ती जाड दळली आणि वर दूध घातले. आपल्या फिल्टरसाठी मध्यम ते गडद भाजणी मागावी. चिक्कमगळूरकडची एस. ७९५ जातीची अरेबिका दुधात चांगली उभी राहते. आंबटपणा अजिबात नको असेल तर मान्सून्ड मलबार घ्यावी: पावसाळ्याचे चार महिने पश्चिम किनाऱ्यावरच्या उघड्या गोदामांत या बियांना समुद्राचा दमट वारा देतात, त्यामुळे त्या फुगून पेंढ्याच्या रंगाच्या होतात आणि त्यांचा आंबटपणा जवळपास जातो.

ताज्या म्हणजे आज भाजलेल्या, असे मात्र समजू नये. भाजल्यावर बीमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो आणि तो असताना पाणी कणांत नीट शिरत नाही. आठ-दहा दिवसांनी पिशवी उघडावी आणि महिन्याभरात संपवावी. फ्रिजमध्ये ठेवू नये. मुंबईच्या हवेत डबा बाहेर काढला की आत दव धरते.

किमतीविषयीही सांगायला हवे. एक किलो हिरवी कॉफी भाजली की साधारण साडेआठशे ग्रॅम उरते, कारण पाणी उडून जाते. मळ्यावर फक्त पिकलेली लाल फळे हाताने वेचायची मजुरी वेगळी. ६२० रुपयांतला काही वाटा तिथे जातो, आणि तो जायलाच हवा.

किंग्ज_सर्कल

वरची माहिती उत्तम आहे. तरीही माटुंग्याच्या जुन्या दुकानांचा उल्लेख केवळ आधीची सवय म्हणून व्हावा, हे मला पटत नाही. भांडारकर रोडवर म्हैसूर कन्सर्न्समध्ये बिया आपल्यासमोर दळून कागदी पिशवीत गरम हाती देतात. तिथे ‘पीबेरी द्या, चिकोरी नको’ म्हणणाऱ्या माणसाला आपण काय मागत आहोत हे पुरते ठाऊक असते. प्लांटेशन ए म्हणजे धुऊन काढलेली मोठ्या दाण्याची अरेबिका, चेरी म्हणजे फळासकट वाळवलेली, पीबी म्हणजेच पीबेरी, फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा असलेली. ही भाषा ‘स्पेशालिटी’ (चाखून वरच्या दर्जाची ठरलेली कॉफी) हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

मळ्याचे नाव जुन्या दुकानात का नसे, त्याला कारण आहे. १९४२ च्या कॉफी कायद्यापासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बागायतदाराला आपले पीक कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यावे लागे. कोडगूच्या एखाद्या टेकडीवरची निवडक बी आणि शेजारच्या तालुक्यातली साधारण बी एकाच प्रतीची ठरली तर एकाच ढिगात पडत. दुकानदाराने ठरवले असते तरी त्याला मळा ओळखता आला नसता. ती सक्ती उठल्यावरच बागायतदार आणि भाजणारा यांची थेट ओळख होऊ शकली, आणि आज पिशवीवर आपण जे नाव वाचतो ते त्या बदलामुळे.

भट्टीवाला

आपण फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात. एक भर घालतो: प्लांटेशन ए ही प्रत दाण्याचा आकार, प्रक्रिया आणि दोष पाहून ठरते, तर स्पेशालिटी ठरते ती चाखून, १०० पैकी ८० किंवा अधिक गुण मिळाले तर. म्हणून प्लांटेशन ए स्पेशालिटी असू शकते, पण असतेच असे नाही. माटुंग्याच्या दुकानांना विचारावे की या आठवड्यात कोणत्या दिवशी भाजली. ते आनंदाने सांगतात, असा माझा अनुभव आहे.

परळकर

सर्वांची मनापासून आभारी आहे. शनिवारी महालक्ष्मीला जाऊन आले. या वेळी आधीच सांगितले की पितळी फिल्टर आहे आणि दूध घालणार. काउंटरवरच्या मुलीने फिकी पिशवी बाजूला ठेवली, मध्यम-गडद भाजणीची दिली आणि दळलेली पूड चिमटीत घेऊन मला दाखवली. बारीक रव्यापेक्षा किंचित मऊ. पिशवीवरची तारीख नऊ दिवसांपूर्वीची होती.

आज सकाळी डिकॉक्शन उतरायला पस्तीस मिनिटे लागली. चिकोरी नाही म्हणून ते नेहमीपेक्षा पातळ होते, तेव्हा दूध कमी घातले. आंबटपणा नव्हता. कप गार होत आला तेव्हा शेवटच्या दोन घोटांत काकवीसारखे काहीतरी जाणवले, ते आधीच्या गरम घोटांत नव्हते. मुलीला हाक मारून तेवढेच दोन घोट तिला दिले.

किंग्ज_सर्कल, पुढच्या आठवड्यात भांडारकर रोडला जाऊन चिकोरीशिवाय पीबेरी आणणार आहे. तिथे भाजणी कोणत्या दिवशी असते हे आपल्याला ठाऊक असल्यास कृपया कळवावे, म्हणजे त्याप्रमाणे दिवस ठरवता येईल.