रविवारी अष्टमी, अण्णांच्या पक्षाचं काय ठरलं?

(आमच्या घरच्या ग्रुपवरचं बोलणं, नावं काढून. दादा-वहिनी टोरांटोला, आतेभाऊ बेंगळुरूला, नानाकाका सांगलीला. आई, माईआत्या आणि मी पुण्यात. अण्णा म्हणजे आमचे वडील; पक्ष म्हणजे पितृपक्षात त्यांच्या तिथीला करायचं श्राद्ध, महालय.)

बुधवार, १० सप्टेंबर २०२५

दादा: सगळ्यांना नमस्कार 🙏 रविवारी अण्णांची तिथी. यंदा येणं जमत नाहीये, सुट्टी मे महिन्यातच संपली. एका ऑनलाइन सेवेकडे पक्षाचं बुकिंग केलंय, ५,१०० रुपये. गोदाकाठी त्यांचे गुरुजी पिंडदान-तर्पण करतील, संकल्पापुरती आपल्याला लिंक येईल, बाकीचा व्हिडिओ ४८ तासांत. ब्राह्मणभोजनाचे वेगळे पैसे, तेही भरलेत. फॉर्मसाठी पणजोबांचं नाव हवंय. कोणाला माहीत आहे?

नानाकाका: पणजोबांचं नाव ग्रुपवर विचारावं लागतंय. छान.

दादा: काका, माहीत असेल तर सांगा ना.

नानाकाका: सांगतो. आधी मला सांग, लिंक किती वाजता?

दादा: दुपारी १२ ला. म्हणजे इथे पहाटे अडीच. अलार्म लावतो, दहा मिनिटांचंच काम आहे म्हणे.

वहिनी: त्याचा अलार्म रोज मी बंद करते. त्याच्या भरवशावर कोणी राहू नका.

आई: काही कर, पण त्या दिवशी रात्री जेवू नकोस. एवढं पाळ.

माईआत्या: मी बोलून टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या. गेल्या वर्षी ह्यांच्या पक्षाला माझ्या लेकाने असंच बुक केलं होतं. आमचं गोत्र नित्युंदन. फॉर्ममध्ये गोत्रांची यादी खाली उघडते, त्यात काश्यप, भारद्वाज, कौशिक, सगळे ऋषी हजर, नित्युंदन नाही. लेकाने "इतर" निवडलं. आणि त्या गुरुजींनी संकल्प सोडला तो काश्यप गोत्राचा! गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचं, ही रीत मलाही ठाऊक आहे. पण ठाऊक असताना? मी इकडून ओरडतेय नित्युंदन, नित्युंदन, आणि आमचा आवाज त्यांनी बंद करून ठेवलेला. आम्ही एकटे नव्हतोच. स्क्रीनवर अकरा चौकोन. अकरा घरचे पितर एका ताम्हनात. एका चौकोनात तर यजमान दाढी करत होते.

आतेभाऊ: आई, दाढी नाही, दात घासत होते. बाकी सगळं खरं. मी तक्रार केली तर उत्तर आलं, "गोत्र दुरुस्त करून व्हिडिओ पुन्हा पाठवतो." म्हणजे विधी तोच, फक्त आवाज बदलून!

मी: 😂 आत्या, तू मला हे सांगितलं नाहीस कधी.

माईआत्या: सांगायचं काय. वर्षभर मनाला लागून राहिलंय.

आतेभाऊ: बिहार पर्यटनाचं ई-पिंडदानही आहे, गयेचं. साधारण २३,००० रुपये. सरकारी आहे म्हणून निदान फसवणूक नसेल, असं मला वाटलं होतं.

नानाकाका: त्याला तिथल्या गयावाळ पंड्यांनीच विरोध केलाय. त्यात त्यांच्या पोटाचाही प्रश्न आहे हे खरं, पण त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. गयेला जायचं म्हणजे फल्गूच्या वाळूत आपण बसायचं, विष्णुपदावर पिंड आपल्या हाताने ठेवायचा. दुसऱ्याने ठेवला आणि आपण पाहिला, तर ते दर्शन झालं.

आता शास्त्राचं. श्राद्धात सवलती भरपूर आहेत, आणि त्या आजच्या नाहीत. श्राद्धाचे नियम सांगणारे ग्रंथच बघ: पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यांचा धर्मसिंधु १७९० चा, काशीच्या कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु १६१२ चा. स्वयंपाक जमत नाही? आमश्राद्ध करा, कोरडा शिधा द्या. शिधाही नाही? हिरण्यश्राद्ध, दक्षिणेवर भागवा. पिंड जमत नाहीत? पिंडांशिवाय सांकल्पिक करा. तेवढीही ऐपत नाही? गाईला गवत घाला. आणि विष्णुपुराणात तर अगदी शेवटची पायरी आहे: रानात जायचं, दोन्ही हात वर करायचे आणि म्हणायचं, माझ्याजवळ पैसा नाही, धान्य नाही, श्राद्धाला लागेल असं काहीच नाही, पितरांनो, माझ्या भक्तीनेच तृप्त व्हा. कंगालाला इतकी मोकळीक दिलीय. पण सगळ्या पायऱ्यांवर करणारा तोच आहे. "तू झोप, आम्ही उरकतो" अशी पायरी मला तरी सापडली नाही.

मी: काका, प्रतिनिधी चालतो ना पण?

नानाकाका: चालतो. आजारी माणसाने, परगावी असलेल्याने भाऊ, मुलगा, नाहीतर आपला उपाध्याय बसवावा. पण उपाध्यायाला तुमचं घर माहीत असायचं. तुमच्या तीन पिढ्या त्याला तोंडपाठ असायच्या, यजमानाने फॉर्म भरून द्यायची वेळ यायची नाही.

दादा: काका, एक सांगतो. तुम्ही म्हणता तसं झोपायची हौस मला नाही. मे २०२१ मध्ये अण्णांचा अग्नी मी मोबाइलवरच पाहिला. येण्याची सोय नव्हती, आलो असतो तर परत जाता आलं नसतं. शेजारच्या काकांनी फोन धरला होता, त्यांचा हात थरथरत होता म्हणून चित्र हलत होतं. माझ्या वाट्याला जे आलं ते सगळं पडद्यावरच आलं. आता पक्षही तसाच केला तर एवढं काय बिघडतं?

(यानंतर तासभर ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. दोन निळ्या खुणा मात्र सगळ्यांच्या दिसत होत्या.)

वहिनी: त्या वर्षी टपाल खात्याने स्पीड पोस्टाने अस्थी काशी-प्रयागला पाठवायची सोय काढली होती. आम्ही इथे बसून त्याचीही माहिती वाचली होती. शेवटी तूच आळंदीला नेल्यास.

मी: हो. दादा, मी मघापासून कपाटात शोधत होते ते सापडलं. म्हणून उशीर झाला.

अण्णांच्या जुन्या पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर पक्षाची यादी आहे. त्यांच्याच हातची, निळ्या शाईत, मधे मधे पेन्सिलने भर घातलेली. एकूण २७ नावं. वर वडील, आजोबा, पणजोबा. मग आई, आजी, पणजी. मग आजोळचे. मग काका, मामा, मावश्या, सासरे, शाळेतले गणिताचे मास्तर. आणि सगळ्यात खाली एक नाव, त्यापुढे लिहिलंय: "चाळीत शेजारी. मूलबाळ नाही."

दादा, तुझ्या त्या फॉर्ममध्ये किती नावांची जागा आहे?

दादा: सहा.

माईआत्या: ते चाळीतले म्हणजे गिरणीतले. आमच्या अण्णाला लहानपणी पावसाळ्यात खांद्यावर बसवून शाळेत न्यायचे. पक्षात महालयाचं हेच तर आहे रे. वर्षश्राद्ध आपल्या माणसाचं, पक्ष सगळ्यांचा. तर्पणात शेवटची ओंजळ कोणाची असते? येषां न माता न पिता न बन्धुः, ज्यांना आई नाही, बाप नाही, भाऊबंद नाहीत, त्यांची.

आतेभाऊ: आई, हे सगळं लिहून ठेव कुठेतरी.

माईआत्या: तूच लिही. मी सांगते, तू टाइप कर.

गुरुवार, ११ सप्टेंबर

मी: सकाळी आपल्या गुरुजींशी बोलले, अण्णांचे वर्षश्राद्ध ज्यांनी केलं तेच. म्हणाले, गुरुजी लांब असले तर चालवून घेऊ, यजमान लांब नको. दादाने तिकडे स्वतः बसायचं, ते व्हिडिओ कॉलवर मंत्र सांगणार. भोक्ते, म्हणजे श्राद्धाला जेवणारे ब्राह्मण, मिळणार नाहीत तर आमश्राद्ध. शिधा बांधून ठेवायचा आणि तिथल्या कोणा गरजूला द्यायचा.

फक्त वेळ. दादाकडची दुपार धरायची, त्यांनी १ वाजता सांगितलंय. म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा.

नानाकाका: यजमान जिथे बसलाय तिथला सूर्य धरायचा, बरोबर आहे. अष्टमी आपल्याकडे रविवारी उत्तररात्री तीनच्या सुमारास संपते, म्हणजे तिकडे रविवारी संध्याकाळी साडेपाचपर्यंत आहे. त्यांचा अपराह्ण, म्हणजे श्राद्धाची दुपारची वेळ, सुखरूप मिळतो. नेहमी असं जुळत नाही हं, एखाद्या वर्षी तिकडची तिथी आदल्या तारखेला पडते. तिकडचं पंचांग बघत जा. पण रात्री साडेदहाला गुरुजी जागे राहणार? पक्षात त्यांना दिवसाला तीन-तीन घरं असतात.

मी: मीही तेच विचारलं. म्हणाले, "जागरण मला नवीन नाही, पण कॉल वेळेवर लावायला सांगा." दक्षिणा ऑनलाइन चालेल.

दादा: बुकिंग रद्द केलं. निम्मे पैसे परत. ब्राह्मणभोजनाचे नाही मिळणार, "स्वयंपाकाची ऑर्डर गेली आहे" म्हणे. तीन दिवस आधी!

आतेभाऊ: असू दे, कोणीतरी जेवेल.

दादा: मला काय काय लागेल ते सांगा. जानवं आहे. दर्भ?

वहिनी: दर्भ इथल्या भारतीय दुकानात मिळाला, पूजेच्या कप्प्यात अगरबत्तीमागे होता. काळे तीळ घरात आहेत. तांब्याचं ताम्हन नाही, स्टीलची परात चालेल का?

नानाकाका: लोखंडाचं नको म्हणतात. पितळेचं काही?

वहिनी: लग्नातली समई आणि एक पितळी वाटी. वाटीत भागवते.

दादा: आणि संकल्पात आपल्याकडे म्हणतात ना, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे. मी ओंटारिओ सरोवराच्या उत्तरेला आहे. काय म्हणायचं?

मी: गुरुजींना विचारलं. तिकडचे काही गुरुजी क्रौंचद्वीप वगैरे म्हणतात, पण ते म्हणाले, "सरोवराच्या उत्तर तीरावर बसलाय ना? मग तेच म्हणू. पितर पत्ता चुकणार नाहीत, आपण खोटा देऊ नये."

नानाकाका: हा गुरुजी पसंत आहे.

आणि एक. धाकटे, तू पुण्यात आहेस, मग वाडी, म्हणजे पितरांचं पान, तू दाखवशीलच, पण तिळाच्या पाण्याच्या तीन ओंजळीही दे. ज्ञानप्रबोधिनीत बायका पौरोहित्य शिकून संस्कार करतात, आता कोणाला त्याचं नवल राहिलेलं नाही. मुलीने बापाला पाणी द्यायला कोणाची परवानगी नको.

मी: काका, हे तुम्ही म्हणताय?

नानाकाका: वय झालं की माणूस सुधारतो. सगळेच नाही.

आई: वड्याचं पीठ गिरणीतून आणलं का? आमसुलं संपलीत.

रविवार, १४ सप्टेंबर

मी: पान ठेवलं गच्चीवर. भाजणीचे वडे, खीर, गवार-भोपळा, आमसुलाची चटणी, कढी. कावळा १२.४० ला आला. आधी वडा उचलला.

माईआत्या: अण्णाच. चटणीकडे ढुंकूनही बघायचा नाही.

दादा: इथे उघड्यावर पक्ष्यांना खायला घालायला मनाई आहे. पान काय करू?

आई: वाढून ठेव, नमस्कार कर, मग तूच खा. घरच्या पानाला हरकत नाही.

(रात्री १०.३० ते १२.०५, कॉल.)

आतेभाऊ: कॉलवर बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितो. अपसव्याच्या वेळी काय झालं होतं? दहा मिनिटं अडकलो होतो.

दादा: गुरुजी म्हणाले अपसव्य, मी त्यांच्याकडे बघून जानवं फिरवलं. ते समोर बसलेत ना, त्यांचा उजवा खांदा मला स्क्रीनवर डावीकडे दिसतो. मी डाव्याच खांद्यावर ठेवून बसलो. ते सांगतायत उजवा, मी म्हणतोय हाच उजवा. शेवटी म्हणाले, "यजमान, माझ्याकडे बघू नका, जेवता त्या हाताच्या खांद्यावर घ्या."

वहिनी: आणि दक्षिण दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर शोधली. फ्रिजसमोर आली. दोन तास फ्रिज कोणी उघडला नाही.

मी: यादी वाचताना आत्याचा आवाज मधे तुटत होता. सगळी झाली ना?

दादा: सगळी झाली. अण्णांचा आणि यादीतले २७ पिंड. ती नावं मी मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारली. अंगठ्याच्या मुळाकडून पाणी सोडायचं म्हणजे मनगट कसं वळवायचं तेही आजच कळलं, निम्मं पाणी चटईवर गेलं. त्या चाळीतल्या काकांना शेवटचा पिंड दिला. गोत्र माहीत नव्हतं, गुरुजी म्हणाले काश्यप म्हणा.

माईआत्या: तिथे काश्यप बरोबर आहे.

दादा: पिंडांचा फोटो टाकतोय. गुरुजींनी आधी विचारून घ्या म्हणून सांगितलं होतं, विचारलं, घरच्यांपुरता चालेल म्हणाले.

नानाकाका: गोळे सारखे झालेत. पहिल्यांदा माझे फुटले होते.

आई: बघितला फोटो. टेबलाच्या पायाशी भाताची शितं सांडलीत, पायाखाली येतील. आधी ती उचल, मग झोप.