आहार आधी की चेहरा आधी? धडगावच्या पाड्यावरून एक प्रश्न

शाळेतल्या बाई, शहादा

१ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार हवा असेल तर सरकारच्या पोषण ट्रॅकर ॲपवर चेहरा जुळावा लागतो. गरोदर बाई, स्तनदा माता आणि तीन वर्षांखालच्या लेकराची आई, सगळ्यांना. आधी आधारची केवायसी करायची, त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, आणि मग दर वाटपाच्या वेळी समोर उभं राहून फोटो. जुळला की पाकिटं.

मागच्या पावसाळ्यात धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर मैत्रिणीकडे गेले होते. शेजारीच अंगणवाडी. एक बाई चार महिन्यांचं लेकरू झोळीत घेऊन डोंगर उतरून आलेली, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. सेविकेने फोन समोर धरला. ॲप म्हणतं डोळे मिचकवा. तिला मराठी कळत नाही, सेविकेने तिच्या पावरी बोलीत सांगितलं, तिने लाजून पदर तोंडावर घेतला. पुन्हा. दारात नेऊन उजेडात पुन्हा. तिसऱ्यांदाही जुळलं नाही. आधारवरचा फोटो मी पाहिला. त्यात दोन वेण्या घातलेली चौदा-पंधरा वर्षांची पोरगी आहे. समोर उभी होती ती दोन बाळंतपणं झालेली, गालफडं बसलेली आई. पाकिटांचं पोतं तिच्यापासून दोन हातांवर होतं. ती रिकाम्या हाताने परत गेली, कारण जुळल्याशिवाय द्यायचं नाही असा सेविकेला वरून फोन होता.

देशातलं पहिलं आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. गरिबाला ओळख मिळेल, त्याचा हक्क कोणी मारणार नाही, असं तेव्हा सांगितलं होतं. तीच ओळख दाखवायला उभी राहिलेली बाई आज उपाशी परत जात असेल तर तो नियम चुकलेला आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: पाकीट आधी द्या, पडताळणी नंतर होत राहील.

निवृत्त तलाठी, शिरपूर

बाई, तुम्ही पाहिलं ते खरंच असणार. पण मीही पाहिलंय. नोकरीत असताना एका गावात आहाराचं रजिस्टर उघडलं तर एका पानावर बावीस अंगठे, आणि शाई, दाब, तिरकेपणा सगळा एकाच बोटाचा. त्यातल्या सहा बाया दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेलेल्या. त्यांच्या नावाची पाकिटं गावातल्याच एका गोठ्यात म्हशीच्या आंबोणात सापडली. त्या सहा जणींच्या वाटचं कोण खात होतं? ते खाणाऱ्याला कागद कधीच अडवत नव्हता.

चेहरा लागला की तो अंगठा बंद होतो. थोडा त्रास होईल, पण चोरी थांबली तर शेवटी फायदा त्याच बायांचा आहे. तुम्ही एका बाईचं उदाहरण देऊन अख्खी व्यवस्था मोडीत काढू नका.

मोबाईल दुरुस्तीवाला, शहादा

आबा, थोडं यंत्राच्या बाजूने सांगतो. चेहरा जुळवणं म्हणजे दोन फोटोंमधलं साम्य मोजणं. ते एका ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं तर हो, खाली तर नाही. तो आकडा वर नेला की खोटा माणूस आत शिरणं अवघड होतं, पण खरी माणसंही जास्त बाहेर राहतात. खाली आणला की उलट. दोन्हीकडून शून्य चूक असलेलं यंत्र कोणी बनवलेलं नाही. त्यात स्वस्त फोनचा पुढचा कॅमेरा, कुडाच्या घरातला अंधार, दहा वर्षांपूर्वीचा आधारचा फोटो.

आणि ओटीपी? माझ्या दुकानात रोज येतात. ‘दादा, आधारला कोणता नंबर आहे बघून द्या.’ निघतो नवऱ्याचा. नवरा सुरतेकडे कामाला, कधी साईटवर फोन बंद, कधी सिमच बदललेलं. त्या बाईची ओळख नवऱ्याच्या खिशात पडून आहे. नंबर बदलायला आधार केंद्र गाठायचं तर मजुरीचा अख्खा दिवस जातो, आणि त्या दिवशी तिथलं मशीन चालू असेल याची खात्री नाही.

जळगावचा, सध्या पुण्यात

आयटीत काम करतो म्हणून बोलतो. कुठलीही नवी यंत्रणा सुरुवातीला अडखळते. २०१६ मध्ये यूपीआय आलं तेव्हा लोक हेच म्हणत होते, खेड्यात कोण वापरणार. आज आमच्या गावच्या बाजारात मेथीची जुडी घेतली तरी क्यूआर कोड पुढे करतात. चेहरा पडताळणीचंही तसंच होईल. फोटो नवे होतील, टॉवर वाढतील, ॲप सुधारेल. आज बंद केलं तर सुधारणार कधी? आणि डेटा आला की कुठल्या पाड्यावर आहार पोचत नाही हे मंत्रालयात बसून दिसेल. कागदी रजिस्टरमध्ये ते कधीच दिसलं नसतं.

शाळेतल्या बाई, शहादा

दादा, तुमच्याच उदाहरणावर येते. बाजारात यूपीआय अडकलं की तुम्ही काय करता? खिशातून वीस रुपये काढता आणि मेथी घेऊन घरी जाता. फार तर भाजीवाली म्हणते, राहू द्या, पुढच्या बाजारी द्या. त्या आईला असा दुसरा रस्ता आहे का? यूपीआय रुजलं कारण ते फसलं तरी कोणाची चूल थांबत नव्हती.

सुधारेल तेव्हा सुधारेल हे तुम्ही पुण्यातून म्हणू शकता. लेकराची पहिली दोन वर्षं मात्र थांबून राहत नाहीत. आणि नियम लागू झाला तो महिना बघा. जुलै-ऑगस्टमध्ये सातपुड्यात घरातला जुना दाणा संपलेला असतो, नवा शेतात उभा असतो, नाले भरलेले असतात. वर्षातले सगळ्यात रिकामे दिवस तेच.

डेटाचं म्हणाल तर त्यात फक्त ‘वाटप झालं नाही’ एवढंच दिसणार. बाई आलीच नाही, की आली आणि यंत्राने परत पाठवली, हे त्या पडद्यावर कसं कळणार?

अंगणवाडी सेविका, नंदुरबार जिल्हा

नाव लिहीत नाही. ताईंनी लिहिलेलं वाचून राहवलं नाही.

माझ्याकडे सहा पाडे. दोन पाड्यांवर रेंजच नाही. टेकडीवर मोहाच्या झाडाखाली एक-दोन काड्या येतात, म्हणून केवायसीला बायांना तिथे नेते. आठव्या महिन्याच्या बाईला टेकडी चढवताना माझा जीव वर येतो. वर पोचलं की गोल फिरत राहतं. ओटीपी आला तर तो नवऱ्याच्या फोनवर, त्याला लावेपर्यंत वेळ संपते, पुन्हा पहिल्यापासून.

आबांनी रजिस्टरचं सांगितलं. असे अंगठे कोणी लावले असतील तर चूकच आहे, मी पाठीशी घालणार नाही. पण सगळ्या सेविकांना चोर धरून नियम केलाय असं वाटतं तेव्हा फार लागतं. २०२१ मध्ये आम्ही राज्यभर सरकारी मोबाईल परत केले होते. कारण फोन चालत नव्हते आणि ॲप इंग्रजीत होतं. बाहेर लोक म्हणाले, यांना काम नको. काम आम्ही करतच होतो, वजन घेत होतो, घरोघर जात होतो. आता वाटपाचा अर्धा दिवस बायांची तोंडं फोनमध्ये बसवण्यात जातो आणि लेकराच्या दंडाचं माप घ्यायचं राहून जातं. सॅममधलं, म्हणजे अतितीव्र कुपोषित लेकरू ओळखायचं ते त्या मापावर. चेहरा जुळला की लेकराचं वजन वाढत नाही ना.

निवृत्त तलाठी, शिरपूर

ताई, तुम्हाला चोर म्हटलं नाही. प्रामाणिक माणसाच्या अंगावर संशय येऊ नये म्हणूनच पुरावा लागतो, असं माझं मत. तुमच्या वाटपाला फोटोचा पुरावा असेल तर उद्या कोणी बोट दाखवलं तरी तुम्ही सुटाल. कागदावर तुम्ही काय दाखवणार?

वकील, धुळे

कायदा काय म्हणतो ते कोणीच काढलं नाही, म्हणून लिहिते.

हा आहार उपकार म्हणून मिळत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३. कलम ४ मध्ये गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहार, कलम ५ मध्ये सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकराला. गरोदर आणि स्तनदा मातेला दिवसाला ६०० कॅलरी, लेकराला ५००, हे आकडे कायद्याच्या २०१३ च्या मूळ परिशिष्टात होते. आणि कलम ८ कोणी वाचत नाही: हक्काचा आहार पुरवला नाही तर राज्य सरकारने अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा. म्हणजे त्या बाईला परत पाठवलं त्या दिवशी देणं सरकारच्या अंगावर चढलं.

आधार कायद्याच्या कलम ७ नुसार अनुदान किंवा लाभासाठी आधार मागता येतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कायम ठेवलं. आबांच्या बाजूने हे मान्य करायला हवं. पण त्याच निकालात हेही आहे की आधार नाही म्हणून कोणत्याही बालकाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही. आणि पडताळणी फसली तर दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून लाभ द्या, असं केंद्राच्या २०१७ च्या परिपत्रकांतच होतं.

आता यातली मेख बघा. दीड वर्षाच्या लेकराचा चेहरा कोणी घेत नाही, आईचा घेतात. आईचा जुळला नाही तर उपाशी कोण राहतं? लेकरू. मग ‘आम्ही बालकाला कुठे नाकारलं, आईची पडताळणी झाली नाही’ हा बचाव टिकतो का? माझ्या मते टिकायला नको. आहार लेकराचा आहे, आई तो फक्त घरी नेते.

जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आणि राज्याला अन्न आयोग, दोन्ही याच कायद्याने दिलेत. तक्रार तोंडी राहिली की विरते, लेखीच हवी.

केळी उत्पादक, रावेर

मी अडाणी माणूस नाही, पण कायदा मला कळत नाही, माल कळतो. बागेतून गाडी भरताना काटा होतो, पावती फाटते, दिल्लीत उतरताना पुन्हा वजन होतं. मधे दोन क्विंटल घटले तर मी ड्रायव्हरला धरतो, व्यापाऱ्याला धरतो. आझादपूरच्या मंडईत शेवटी केळ खाणाऱ्या माणसाचं तोंड तपासत बसत नाही.

आहाराचं उलट चाललंय. कारखान्यातून किती पोती निघाली, तालुक्याला किती उतरली, अंगणवाडीत किती आली, दर्जा काय होता, हे गावात कोणाला ठाऊक असतं? तिथे काटा लावा. पोतं उतरलं की फळ्यावर आकडा लिहा, गावासमोर. आबांच्या म्हशीपर्यंत माल गेला तो एकेका पाकिटाने गेला नसणार, पोत्याने गेला असणार.

शिंदखेड्याचा वाचक

केळीवाल्या भाऊंना शंभर टक्के पाठिंबा. आमनी माय म्हने, भुक्या मानूसले आधी भाकर दे, मंग नाव इचार. आपण उलटं शिकलो.

जळगावचा, सध्या पुण्यात

बाईंचा यूपीआयचा मुद्दा मला खोडता येत नाही, रात्रभर विचार केला. दुसरा रस्ता नसलेली यंत्रणा आम्हीही कंपनीत चालू करत नाही. जुन्या पद्धतीवर परतायची सोय ठेवल्याशिवाय परवानगीच मिळत नाही. इथे ती सोय ठेवायला हवी होती. ॲपमध्येच ‘पडताळणी फसली, आहार दिला’ असं एक बटण आणि त्याखाली कारण. कोणत्या पाड्यावर ते बटण किती वेळा दाबलं गेलं हे बघितलं तर टॉवर कुठे हवा ते कळेल, आणि एखाद्याच ठिकाणी संशय येण्याइतकं दाबलं जात असेल तर तेही कळेल.

चेहरा पडताळणी पूर्ण बंद करावी असं मात्र मला अजूनही वाटत नाही.

निवृत्त तलाठी, शिरपूर

अशा बटणाला माझी हरकत नाही. पण ते एकट्या सेविकेच्या हाती नको. गावातल्या दोन बायांची साक्ष हवी, त्यातली एक लाभार्थी नसलेली. पंचनाम्याला आम्ही दोन पंच घ्यायचो तसं. पोत्यांचा आकडा फळ्यावर लिहायचा हेही चांगलं आहे, माझ्या काळात मी ते करायला हवं होतं.

शाळेतल्या बाई, शहादा

आबा, दोन बायांची साक्ष मला मान्य. पाड्यावर कोण कोणाची सून आणि कोणाचं लेकरू किती महिन्यांचं हे सगळ्यांना पाठ असतं. जी ओळख यंत्राला तीन वेळा पटली नाही ती शेजारणीला लांबून चालीवरून पटते.

सेविकाताई, परत पाठवलेल्या बायांची नोंद तुम्ही ठेवता का?

अंगणवाडी सेविका, नंदुरबार जिल्हा

ठेवते. लेकीच्या शाळेच्या वहीत मागच्या बाजूने. तारीख, पाडा, कारण. ‘रेंज नाही’, ‘ओटीपी नवऱ्याकडे’, ‘चेहरा नाही जुळला’. एकोणीस पानं झाली. वरिष्ठांना दाखवली तर म्हणाले, ॲपमध्ये नाही ते आम्ही धरत नाही.

वकील, धुळे

ताई, त्या एकोणीस पानांचे स्पष्ट फोटो काढा. बायांची नावं झाकून मला पाठवा, मूळ वही तुमच्याकडेच राहू द्या. कलम ८ च्या भत्त्यासाठी अर्ज मी फुकट लिहून देते. पहिला अर्ज बाईंनी पाहिलेल्या त्या झोळीवाल्या आईचा, तिची तयारी असेल तर. तिच्याशी पावरीत बोलून विचारायचं काम बाईंच्या मैत्रिणीने करावं.

निवृत्त तलाठी, शिरपूर

साक्षीदाराच्या सहीचा आणि फळ्यावरच्या आकड्याचा नमुना मी करून देतो. एका पानात बसेल असा करतो.