रेस्क्यू केलेली कुत्री घरी आणायचीय, आधी काय बघावं?

होटगीरोडकर:
नमस्कार मंडळी. ओळखीतल्या एक मॅडम रस्त्यावरची जखमी कुत्री उचलून बरी करतात, त्यांच्याकडं वर्ष-सव्वा वर्षाची एक मादी हाय, देशीच, बदामी रंगाची, गाडीचा धक्का लागून पाय मोडला होता तो आता बरा झालाय. घरात आई, बायको अन 6 वर्षाचा पोरगा. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. शंका अशी की तिच्या कानाचा तुकडाच कापलेला हाय, रोग-बिग असतंय का काय? अन मॅडम फॉर्म भरून घेणार, घर बघायला येणार, वर घरमालकाची लेखी परवानगी मागतायत. फुकटच्या कुत्र्याला एवढी चौकशी कशाला बे? बायकोचं म्हणणं, एप्रिलात आणूच नका, जून लागू द्या.

चादरवाला:
कानाला घाबरू नका, ती नसबंदीची खूण. ऑपरेशनच्या वेळी भुलीतच व्ही सारखी खाच पाडतात, म्हणजे तेच कुत्रं नसबंदीसाठी परत गाडीत घालून नेत नाहीत. त्यावेळी रेबीजची लस पण टोचतात, पण ती दरवर्षी लागते, तेव्हा खाच बघून निवांत राहू नका, लसीचं कार्ड मागा, नसेल तर सगळं नव्यानं टोचून घ्या. आणि घरी न्यायच्या आधी डॉक्टरकडं नेऊन सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी, कराच. आपल्याकडं गोचीड काय कमी नाहीत, अन गोचीडतापात कुत्रं वरून धडधाकट दिसतंय, शेपूट हलवतंय, आत प्लेटलेट्स उतरलेल्या असतात, एक दिवस नाकातून रक्त यायला लागलं की मग पळापळ. वेळेत कळलं तर गोळ्यांवर बरं होतंय. फॉर्मचं म्हणाल तर चौकशी न करता जो कुत्रं गळ्यात मारतो त्याच्याकडनं घेऊ नये असं माझं स्पष्ट मत.

भाकरी अन दही:
दादा, आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस ती पलंगाखाली बसून राहील, नीट खाणार नाही, कोपऱ्यात शी-शू पण करेल, ओरडू नका अन शेजारपाजारच्यांना बघायला बोलवू नका. पोराला एकच शिकवा, ती जेवताना आणि झोपल्यावर हात लावायचा नाही, गळ्यात पडायचं नाही, ती आपणहून जवळ आली तर आली. सगळ्यात मोठी भीती दाराची! दूधवाला आला, दार उघडं राहिलं की नवीन कुत्रं सुसाट जिना उतरतंय, त्याला हे घर आपलं हाय हे अजून माहीतच नसतंय. नुसता गळपट्टा नको, कुत्रं मागं सरकलं की डोक्यावरून निघतो, हार्नेस घ्या अन त्याला फोन नंबरचा बिल्ला लावा. आईंना सांगा, भाकरी चालेल, बिनमिठाचं उकडलेलं चिकन-अंडं चालेल, पण ताटातला शेंगाचटणी लागलेला शेवटचा घास नको. चटणीत लसूण, अन कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतंय. द्राक्षं, मनुके, चॉकलेट तर अजिबात नाही. आमच्यात सासूबाईंना हे पटवायला लय वेळ गेला.

सरळ बोलतो:
वहिनी उन्हाचं बोलल्या ते बरोबर, पण जूनपर्यंत थांबून काय होणार, पुढच्या वर्षी परत एप्रिल येणारच की. आपल्याकडं पारा 42-43 ला जातो, दुपारी डांबरावर कुत्र्याचे तळवे भाजतात. आपला पंजा उलटा करून रस्त्यावर टेकवा, 5-7 सेकंद सोसला नाही तर तिला पण सोसणार नाही. म्हणजे फिरवणं सकाळी 7 च्या आत अन रात्रीच. हे रोज कोण करणार ते आधी घरात ठरवा, "सगळे मिळून करू" म्हणजे शेवटी वहिनीच करणार! घरमालकाचं लेखी घ्याच. सोसायटीला कुत्रं पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या तशा सूचना आहेत, पण मालकानं 11 महिन्यांनी करारच वाढवला नाही तर काय करणार? अन चुकून दात लागलाच तर हळद, चुना लावत बसू नका, वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा अन त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल गाठा. कुत्रीला लस झालेली असली तरी.

होटगीरोडकर:
सगळ्यांना धन्यवाद. मालकाशी रविवारी बोलतो. सकाळचं फिरवणं माझ्याकडं, रात्रीचं पण माझ्याकडंच आलंय (तुमच्या वहिनीनं हा धागा वाचलाय). मॅडम म्हणतायत की आधी 15 दिवस फोस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरती सांभाळायला, ठेवा, जमलं तर फॉर्म भरू. चालेल का तसं?

चादरवाला:
चालेल की, उलट बरंच. फक्त सीबीसी अन लस फोस्टरच्या आधी, खर्च कुणाचा ते मॅडमशी बोलून घ्या.